शौचात शिसं सापडलं, पण शरीरात किती?

मलतपासणीवरून शरीरातले विषारी धातू कळतात का, यावर बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: सततचा थकवा आणि पोटदुखी यामुळे धातूंसाठी मलतपासणी करून घेतली. पंधरा धातूंच्या यादीत शिसं ०.६ आलंय, मर्यादा ०.५ दिली आहे. निकेलही थोडं वर आहे. दोन्हींपुढे लाल पट्टी आहे. शरीरात शिसं साठलंय असं समजायचं का?

एवढ्यावरून तसं समजू नका. आधी आकडाच उलगडून पाहू. ०.६ म्हणजे सुकवलेल्या मलाच्या एका किलोत ०.६ मिलिग्रॅम, अर्थात एका ग्रॅममध्ये ०.६ मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाचा दिवसाचा मल, पाणी काढून टाकल्यावर, साधारण ३० ग्रॅम भरतो. म्हणजे दिवसाला १८ मायक्रोग्रॅम शिसं बाहेर पडलं. ते आलं कुठून? प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी ढोबळमानाने दहावा हिस्सा शोषला जातो. तेव्हा खाण्यापिण्यातून १९-२० मायक्रोग्रॅम गेलं असणार आणि त्यातलं जेमतेम दोन रक्तात उतरलं असणार. रक्तात गेलेल्यापैकी बराचसा भाग लघवीवाटे जातो, साधारण तिसरा हिस्सा यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात परत येतो. तो झाला अर्धा-पाऊण मायक्रोग्रॅम. उरलेलं सतरा-साडेसतरा मायक्रोग्रॅम शिसं शरीरात शिरलंच नव्हतं. ते तोंडातून आत गेलं आणि नळीतून पाणी जावं तसं बाहेर पडलं. या हिशेबात आतड्याची पोकळी शरीराबाहेरच धरायची.

थोडक्यात, तुमच्या अहवालातला आकडा मुख्यतः दोन-तीन दिवसांपूर्वीच्या जेवणाचा आहे. तो एरवीही फसवतो, आणि तेही उलट्या दिशेने. ज्याने दहा वर्षं शिशाच्या भट्टीवर काम केलं आणि मग ते सोडलं, त्याच्या हाडांत शिसं मुरलेलं असतं. हाडांतल्या शिशाचं अर्धायुष्य १० ते ३० वर्षं. पण त्याचं आजचं जेवण स्वच्छ असेल, तर मलतपासणी अगदी निर्मळ येईल. अशा माणसाने हिरवी पट्टी पाहून निर्धास्त होणं, हे तुमच्या लाल पट्टीपेक्षा जास्त घातक आहे.

लाल पट्टीबद्दल सांगायचं तर अशा अहवालांत मर्यादा बहुधा ९५व्या शतमकावर आखलेली असते. म्हणजे तपासलेल्या शंभर माणसांत पाच जण त्या रेषेपलीकडे असणार, हे रेषा आखतानाच ठरलेलं असतं. त्या पाचांना विषबाधा आहे असं कुणी तपासलेलं नसतं. आता एका अहवालात पंधरा धातू असतील आणि त्यांचं वरखाली होणं एकमेकांवर अवलंबून नसेल, तर ठणठणीत माणसाला किमान एक लाल पट्टी मिळण्याची शक्यता किती? ०.९५ ला स्वतःनेच पंधरा वेळा गुणलं की ०.४६ येतं. म्हणजे लाल पट्टी मिळण्याची शक्यता ५४ टक्के. नाणेफेकीपेक्षा जास्त! निकेल तर सोडूनच द्या. अन्नातलं बहुतेक निकेल शोषलंच जात नाही.

शिशाची शंका खरोखर असेल तर शिरेतून रक्त काढून 'ब्लड लेड' करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं, तर शिशाचा उगम शोधून तो बंद करायचा असतो. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) लहान मुलांसाठी २०२१मध्ये ही रेषा ३.५वर आणली. शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं मुलांना साधारणतः ४५ किंवा त्यापुढेच देतात. आणि थकवा-पोटदुखीची नेहमीची कारणं डॉक्टरांकडून तपासून घ्या. रक्तक्षय आहे का, थायरॉइड कसं आहे, हे धातूंच्या आधी पाहायचं.

प्रश्न: मग कोणत्या धातूसाठी कोणता नमुना द्यायचा?

आधी तीन गोष्टी ठरवा: धातू कोणता, तो शरीरात कोणत्या वाटेने गेला आणि कधी गेला. नमुना त्यावरून ठरतो. 'सगळे धातू एकदम तपासा' ही मागणीच चुकीची आहे.

शिशासाठी संपूर्ण रक्त लागतं. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, म्हणून सीरम वेगळं काढून त्यात शिसं मोजण्याला अर्थ नाही. नळी धातुमुक्त असल्याची खात्री असलेली, गडद निळ्या टोपणाची ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेली) हवी. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळते. तसा अहवाल वर आला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाऱ्याचे तीन अवतार, आणि तिघांची वागणूक वेगवेगळी. माशांतून येणारा मिथिल-पारा जवळजवळ पूर्ण शोषला जातो, तो रक्तात मोजतात (केसातही चालतो). वाफ किंवा क्षार यांच्यासाठी लघवी. गंमत म्हणजे मिथिल-पाऱ्याची मुख्य वाट मलाचीच आहे: तो पित्तातून आतड्यात येतो, तिथले जीवाणू त्याचा मिथिल गट तोडतात आणि उरलेला अकार्बनी पारा मलातून जातो. तरीही तपासणीला मल निवडत नाहीत, कारण त्यात आज गिळलेला पारा आणि पित्तातून आलेला पारा वेगळे ओळखू येत नाहीत.

आर्सेनिक मलात शोधणं म्हणजे चोर मागच्या दाराने गेला असताना पुढच्या दाराशी पहारा देणं. पाण्यातलं अकार्बनी आर्सेनिक ९० टक्क्यांहून अधिक शोषलं जातं आणि बहुतेक लघवीतून काही दिवसांत निघून जातं. म्हणून लघवी द्यायची, तीही आर्सेनिकचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत. मासे-कोळंबीतलं आर्सेनोबीटेन निरुपद्रवी असतं, पण एकूण आकडा तेच फुगवतं. आधीचे तीन-चार दिवस समुद्री अन्न टाळा. एकच लघवीचा नमुना दिला असेल तर क्रिएटिनिनशी (लघवी किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या द्रव्याशी) गुणोत्तर काढावं लागतं. लिटरमागे क्रिएटिनिन ०.३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर तो नमुना रद्द करून नवा घ्यावा.

कॅडमियमचा वर्षानुवर्षांचा साठा लघवीत दिसतो, हल्लीचा संपर्क रक्तात. थॅलियमसाठी २४ तासांची लघवी.

प्रश्न: मलतपासणी सर्वस्वी निरुपयोगीच का?

तसं नाही. ती योग्य प्रश्नाला फार चांगलं उत्तर देते. प्रश्न 'पोटात रोज किती जातंय?' असा असेल तर कॅडमियमसाठी मलाइतकं नेमकं माप क्वचितच मिळेल. खाल्लेल्या कॅडमियमपैकी साधारण ५ टक्केच शोषलं जातं (शरीरात लोह कमी असेल तर जास्त), बाकी सगळं मलात येतं. तीन दिवसांचा पूर्ण मल गोळा करून वजन केलं, की रोजच्या आहारातलं कॅडमियम जवळजवळ हातात येतं. अभ्यासक हे करतात. पण त्यासाठी तिन्ही दिवसांचा सगळा मल लागतो, चमचाभर नव्हे.

दुसरी जागा किरणोत्सर्गी धुळीची. युरेनियम किंवा प्लुटोनियमचे न विरघळणारे कण श्वासातून गेले, की श्वासनलिकेतला कफ त्यांना घशापर्यंत वर ढकलतो आणि माणूस ते गिळतो. लघवीत फार थोडं उतरतं, मलात मात्र स्पष्ट दिसतं. म्हणून अशा कामगारांचा मल रीतसर तपासतात.

तिसरी जागा प्रशियन ब्लूची. हे निळं औषध आतड्यात सीझियम आणि थॅलियम पकडून ठेवतं, परत शोषू देत नाही. ब्राझीलच्या गोइयानिया शहरात १९८७मध्ये किरणोत्सर्गी सीझियमची दुर्घटना झाली, तेव्हा ४६ जणांना हे औषध दिलं गेलं आणि औषध काम करतंय का, यासाठी त्यांच्या मलातली किरणोत्सर्गिता मोजली गेली.

प्रश्न: डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी मलाचा नमुना मागितला आहे. घरी गोळा करताना काय काळजी घ्यायची?

धातूंच्या मोजणीत बाहेरून लागलेला कण आणि आतून आलेला कण यांत यंत्र फरक करत नाही. म्हणून गोळा करण्याची पद्धत हाच निम्मा अहवाल.

डबा प्रयोगशाळेकडूनच घ्या: पांढरा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा, फिरकीचं झाकण, झाकणात धातूची चकती नको. जंतांच्या तपासणीचा, आत द्रव असलेला डबा कधीही वापरू नका. त्यातल्या काही द्रवांमध्ये चक्क मर्क्युरिक क्लोराइड किंवा जस्ताचा क्षार असतो. नमुन्यातला पारा मग आकाशाला भिडतो आणि रुग्ण घाबरून जातो.

आधी लघवी करून घ्या, मग कमोडच्या काठावर प्लॅस्टिकचं पसरट भांडं किंवा ताणलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून मल त्यावर घ्या. पाण्यात पडलेला नमुना बाद. टाकी साफ करायचं द्रव्य आणि नळांचा गंज त्यात आलाच. हातमोजे पावडर नसलेले नायट्राइलचे. उचलायला प्लॅस्टिकचा चमचा घ्या, स्टीलचा नको, नाहीतर निकेल-क्रोमियम वाढेल. एकाच टोकाचा तुकडा न घेता तीन-चार ठिकाणचा थोडा-थोडा घ्या. सगळा मल मागितला असेल तर सगळाच द्या, आणि एखादी वेळ चुकली तर तसं लिहून कळवा. लपवलेली चूक गणितात दुप्पट होते.

झाकण घट्ट लावा, डबा दोन पिशव्यांत घाला आणि गोठवा. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि मागच्या आठवड्यात घेतलेली सगळी औषधं लिहा: लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची औषधं, बिस्मथ, बेरियम पिऊन केलेला एक्स-रे. बिस्मथ का, ते पुढच्याच उत्तरात कळेल.

प्रश्न: मी प्रयोगशाळेत आयसीपी-एमएसवर (धातूंचे अणू वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर) काम करते. सुक्या मलाचे ०.३ ग्रॅम नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हने विरघळवतो. दोन तक्रारी आहेत. एकाच नमुन्याचे दोन भाग केले तर पारा जुळत नाही. आणि एका काळ्याभोर नमुन्यात शिसं, पारा, थॅलियम तिन्ही जवळजवळ शून्य आले. अंतर्गत मानक (प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घालून बाकीचे आकडे ज्याच्याशी ताडतात तो धातू) बिस्मथ आहे.

दुसरी तक्रार आधी, कारण उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. तो रुग्ण बिस्मथचं पोटाचं औषध घेत असणार. आतड्यातल्या गंधकाशी मिळून त्याचं काळं सल्फाइड होतं, म्हणून मल काळा. (लोहाच्या गोळ्यांनीही काळा होतो, पण त्याने तिन्ही धातू शून्यावर जात नाहीत.) यंत्राला वाटतं की बिस्मथ तुम्ही घातलं तेवढंच असावं. प्रत्यक्षात ते कैक पटींनी दिसतं आणि सॉफ्टवेअर बाकीचे आकडे त्याच पटीत खाली ओढतं. धावेच्या नोंदीत त्या नमुन्याची अंतर्गत मानकाची टक्केवारी उघडून पाहा. ती ७० ते १३०च्या पट्ट्यात नसणारच. मलासाठी बिस्मथ मानक म्हणून वापरूच नका. पारा, थॅलियम, शिसं यांच्यासाठी इरिडियम घ्या. त्याची आयनीभवन-ऊर्जा पाऱ्याला त्यातल्या त्यात जवळची आहे. तो नमुना पुन्हा चालवताना भरपूर पातळ करा आणि बिस्मथचं २०९ या वस्तुमानावरचं प्रचंड शिखर शेजारच्या, शिशाच्या २०८वर सांडतंय का ते पाहा. शिसं २०६ आणि २०७वर ताडून घ्या. त्यानंतर रिकाम्या आम्लाने धुऊन बिस्मथ खाली येईपर्यंत पुढचा नमुना लावू नका.

पाऱ्याचं न जुळणं बहुतेक वेळा यंत्राच्या आधीच घडतं. तुम्ही सुकवता कसे? १०५ अंशांच्या भट्टीत सुकवत असाल तर पारा तिथेच उडून जातो. ओला नमुनाच विरघळवा आणि वेगळा भाग सुकवून पाण्याचं प्रमाण काढा. दुसरं म्हणजे एकजीव करणं. दातात चांदी (पारा मिसळलेला मिश्रधातू) भरलेल्या माणसाच्या मलात त्या मिश्रधातूचा एखादा सूक्ष्म कण असतो. तो ज्या ०.३ ग्रॅममध्ये आला तो भाग उंच, दुसरा खाली. सगळा नमुना जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत अतिशुद्ध पाणी घालून मळून घ्या, स्टीलच्या पात्याचा मिक्सर नको.

तिसरी जागा मायक्रोवेव्हचं भांडं. ६ मिलिलिटर नायट्रिक आम्ल घातल्यावर झाकण सैल ठेवून धूरकपाटात अर्धा तास थांबा, मग हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. फेस खाली बसायच्या आत झाकण आवळलं की मेदाच्या ज्वलनाने दाब चढतो, भांडं फुसकन हवा सोडतं आणि वायूबरोबर पारा जातो. तेलकट, चिकट मल असेल तर ०.१५ ग्रॅमच घ्या. १८० ते २०० अंशांवर वीसेक मिनिटं पुरतात. पातळ केलेल्या द्रावात सोनं (लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम) ठेवा. ते पाऱ्याला प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटू देत नाही. धुण्याच्या द्रावातही तेच. भांड्याच्या तळाशी पांढरट रेती उरली तर ती माती आहे, नायट्रिक आम्लाने विरघळणार नाही. अहवालात 'आम्लात विरघळणारा भाग' असं लिहा, 'एकूण' लिहू नका.

जाता जाता: आर्सेनिकच्या ७५ या वस्तुमानावर आर्गॉन-क्लोराइड बसतं आणि कॅडमियमच्या १११, ११४ या दोन्ही वस्तुमानांवर मॉलिब्डेनमचं ऑक्साइड. मलात मीठही असतं आणि मॉलिब्डेनमही. यंत्रातली हेलियमची कोठी (अशा जोड-आयनांना अडवणारी) चालू ठेवा आणि कॅडमियम दोन्ही समस्थानिकांवर पाहा. ११४वर कथिलाचीही सावली पडते, ते ध्यानात असू द्या.

प्रश्न: शरीर शुद्ध करणारी माती रोज चमचाभर घेतोय. आधीच्या आणि नंतरच्या मलतपासणीत शिसं पाचपट झालं. विक्रेता म्हणतो, 'बघा, विष बाहेर पडतंय!'

बाहेर पडतंय हे खरं, पण ते तुम्हीच आत टाकलंय. साध्या मातीत किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम शिसं नैसर्गिकच असतं. पाच ग्रॅम माती म्हणजे १०० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं रोज पोटात. तपासणीत त्यातलं निम्मंच आम्लात उतरलं असं धरू: ५०. जेवणातलं आधीचं ९ असेल तर झाले ५९, आणि माती मिळून सुका मल आता ३५ ग्रॅम. भागाकार करा, १.७ येतो. आधीचा आकडा ९ भागिले ३०, म्हणजे ०.३. झाली की पाच-साडेपाच पट, विक्रेत्याच्या शुद्धीकरणाशिवाय. चूर्ण बंद करा, आणि बरेच महिने घेतलं असेल तर रक्तातलं शिसं बघून घ्या.

प्रश्न: एका ठिकाणी आधी गोळ्या देऊन मग 'खरा साठा' मोजतात. ते करावं का?

करू नये. डीएमएसए, डीएमपीएस किंवा ईडीटीए ही धातू बांधून बाहेर काढणारी औषधं दिल्यावर कुणाच्याही शरीरातून धातू जास्त बाहेर पडतात, निरोगी माणसाच्याही. मग तो फुगलेला आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी ताडतात आणि लाल पट्ट्यांची रांग लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने २००९मध्येच अशा लघवीतपासणीला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं आहे. मलातल्या आकड्यालाही तोच तर्क लागू. आणि धोका कागदावरचा नाही. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात ईडीटीए दिल्यानंतर रक्तातलं कॅल्शियम घसरून दोन मुलं आणि एक प्रौढ दगावले. कॅल्शियमयुक्त ईडीटीए आणि डायसोडियम ईडीटीए ही वेगळी औषधं आहेत. डायसोडियम प्रकार रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतो.

प्रश्न: मुलाने थर्मामीटर चावला, पारा गिळला. शी तपासायची का?

तपासू नका. पाऱ्याचा थेंब निरोगी आतड्यातून ०.०१ टक्क्याहूनही कमी शोषला जातो, सगळा शीतून जातो. मलात पारा प्रचंड सापडेल आणि त्याचा अर्थ एवढाच, की तो बाहेर आला. काळजी दोन गोष्टींची घ्या. काच गिळली का, तोंडात जखम आहे का, हे डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि जमिनीवर सांडलेला पारा झाडूने किंवा व्हॅक्युमने ओढू नका. बारीक थेंब होऊन वाफ वाढते, आणि वाफच फुप्फुसातून ८० टक्के शोषली जाते. खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा, जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र लोटा, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

प्रश्न: दातातली चांदी काढल्यावर पाचव्या दिवशी मलात पारा खूप आला.

घासताना उडालेला चुरा गिळला गेला, त्याचाच हा पारा आहे. शरीरातला पारा पाहायचा तर लघवी तपासा, तीही चांदी काढल्यावर काही महिन्यांनी.

प्रश्न: एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं. तपासणीला किती थांबू?

निदान ९६ तास. गॅडोलिनियमच्या दुहेरी भाराच्या आयनांमुळे यंत्राला नसलेलं आर्सेनिक आणि सेलेनियम दिसतं. बेरियम प्यायला असाल तरी तेवढंच थांबा, आणि बद्धकोष्ठ असेल तर मल पुन्हा नेहमीच्या रंगाचा होईपर्यंत.